टोमॅटो उतरला, भाडं नाही

जुलै २०२३ मध्ये कोलारच्या बाजार समितीत टोमॅटोची पंधरा किलोची पेटी दोन हजार रुपयांच्या वर गेली. बेंगळुरूच्या पूर्वेला सत्तरेक किलोमीटरवरचा हा बाजार देशातल्या सर्वांत मोठ्या टोमॅटो बाजारांपैकी एक आहे. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या विषाणूने झाडांची पानं आकसली होती. उन्हाळ्यात भाव पार पडलेले असल्याने अनेकांनी लागवडीलाच हात आखडता घेतला होता. इकडे जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या बाजारातही तोच उच्चांक दिसत होता. केंद्र सरकारने आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रातून टोमॅटो विकत घेऊन दिल्लीकडे सवलतीत विकायला सांगितलं, नेपाळहून आयात सुरू झाली. त्या महिन्यात देशाचा किरकोळ महागाई दर ७.४४ टक्क्यांवर गेला आणि एकट्या भाजीपाल्याची वार्षिक महागाई ३७ टक्के भरली.

पुढे काय झालं ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ऑगस्टमध्ये महागाई दर ६.८३ टक्के झाला, सप्टेंबरमध्ये ५.०२. नव्या लागवडीचा माल बाजारात आला आणि ज्या कोलारमध्ये पेटी दोन हजारांवर गेली होती, तिथेच सप्टेंबरात शेतकऱ्याला तोडणीचा खर्च निघेना.

त्याच काळात बेंगळुरूत दुसरी एक महागाई चालू होती. कोविडमध्ये रिकामी पडलेली घरं २०२२ पासून पुन्हा भरू लागली. आयटी कंपन्यांनी माणसांना कार्यालयात परत बोलावलं. पुण्या-नागपुराकडे, कोल्हापूर-बेळगावकडे घरून काम करत बसलेली तरुण मंडळी सामान घेऊन परतली. व्हाइटफील्ड, बेलंदूर, मारतहळ्ळी, एचएसआर लेआउट या भागांत घरमालक सांगेल ते भाडं आणि मागेल तेवढा अ‍ॅडव्हान्स द्यावा लागला. (बेंगळुरूत अनामत रकमेला अ‍ॅडव्हान्स म्हणतात आणि जुन्या रिवाजाप्रमाणे तो दहा महिन्यांच्या भाड्याइतका असतो.) ते भाडं अकरा महिन्यांच्या करारात लिहिलं गेलं. अकरा महिन्यांनी नूतनीकरण झालं तेव्हा त्यावर आणखी पाच टक्के, कुठे दहा टक्के चढले. टोमॅटोसारखं ते खाली आलं नाही.

एकाच शहरात, एकाच वर्षात दोन भाव चढले. एकाचा मागमूस तीन महिन्यांत नाहीसा झाला आणि दुसरा करारात जाऊन बसला. महागाई किती आहे याची चर्चा आपण रोज करतो. ती किती काळ राहणार, एकदा धक्का बसला की दर मूळ पातळीवर यायला किती वेळ घेणार, याची चर्चा क्वचित होते. घर चालवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. तीन महिन्यांची महागाई माणूस पोटाला चिमटा काढून निभावतो. तीन वर्षांची महागाई मुलांची शाळा बदलायला लावते.

अर्थशास्त्रज्ञ हा चिवटपणा एका साध्या आकड्यात पकडू पाहतात. समजा, महागाई दर नेहमी ४ टक्क्यांच्या आसपास असतो आणि काही कारणाने तो ८ वर गेला. म्हणजे ४ टक्के जादा. या जादापैकी किती भाग पुढच्या महिन्यात शिल्लक राहतो? निम्मा राहत असेल, तर चार महिन्यांत जादा महागाई पाव टक्क्यावर येते आणि विषय संपतो. पण दर महिन्याला दहापैकी नऊ भाग मागे राहत असतील, तर चार महिन्यांनंतरही अडीच टक्क्यांहून अधिक जादा महागाई अंगावर असते आणि वर्ष उलटल्यावरही एक टक्क्याहून जास्त उरते. धक्का दोन्हीकडे तेवढाच होता. फरक फक्त शिल्लक राहण्याच्या प्रमाणाचा आहे. हे प्रमाण एकच्या जवळ गेलं, तर धक्का जवळजवळ कायमचा होतो.

आकडे वाचताना इथे एक फसगत होते. वर्तमानपत्रात येणारा महागाई दर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढलेला असतो. ९ फेब्रुवारी २०२५ ला बेंगळुरूच्या मेट्रोचं तिकीट वाढलं. सर्वांत लांबच्या प्रवासाचं भाडं ६० रुपयांवरून ९० झालं. वाढ एका दिवसात झाली, पण वार्षिक तुलनेत ती पुढचे बारा महिने दिसत राहते आणि तेराव्या महिन्यात आपोआप नाहीशी होते. तिकीट मात्र ९० च राहतं. म्हणून अभ्यासक महिन्यागणिक किंवा तिमाहीगणिक बदल पाहतात. आणि म्हणूनच सरकार महागाई कमी झाली असं सांगतं तेव्हा लोकांना ते पटत नाही. वाढीचा वेग कमी झालेला असतो, भाव तिथेच असतात. दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

चिवटपणा येतो कुठून, याचं पहिलं उत्तर शेतात आहे. टोमॅटोचं रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो, त्यामुळे भाव चढला की पुरवठा त्याच्या मागोमाग धावतो. तुरीचं तसं नाही. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात तूर खरिपात पेरली जाते आणि काढणी थेट हिवाळ्यात होते. एक हंगाम हातचा गेला की वर्षभर वाट बघावी लागते. जून २०२३ पासून वर्षभराहून अधिक काळ डाळींची महागाई दोन अंकी राहिली ती याच कारणाने. कॉफीचं चक्र त्याहून लांब. देशातली सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि झाड लावल्यावर फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका कॉफी जागतिक बाजारात पौंडाला चार डॉलरच्या वर गेली तेव्हा बेंगळुरूच्या दर्शिनी नावाच्या छोट्या उपाहारगृहांमधली फिल्टर कॉफीही महागली. टोमॅटो, तूर, कॉफी: पीक जितकं सावकाश येतं, तितका त्याचा भाव सावकाश उतरतो.

पण दर्शिनीत एकदा वाढलेला कॉफीचा भाव, दाणे स्वस्त झाले तरी सहसा खाली येत नाही. इथे शेत संपतं आणि माणसांचे आपापसातले व्यवहार सुरू होतात. चिवटपणाचं मुख्य घर तिथेच आहे.

बेंगळुरूच्या रिक्षाचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये पहिल्या टप्प्याचं भाडं २५ वरून ३० झालं. पुढची वाढ १ ऑगस्ट २०२५ ला झाली: किमान भाडं ३६ आणि किलोमीटरला १५ ऐवजी १८ रुपये. मधली साडेतीन वर्षं गॅस, सुटे भाग, घरभाडं सगळं वाढत होतं. सरकारी दरपत्रक मात्र जागेवर होतं. बीएमटीसीच्या शहर बसचं तिकीट जानेवारी २०२५ मध्ये १५ टक्क्यांनी वाढलं तेही अनेक वर्षं थांबून. राज्याच्या दूध संघाचं नंदिनी दूध ऑगस्ट २०२३ मध्ये लिटरमागे ३ रुपयांनी आणि एप्रिल २०२५ मध्ये ४ रुपयांनी वाढलं. हे सगळे भाव समितीने, मंत्रिमंडळाने किंवा संघाने ठरवायचे असतात, त्यामुळे ते वर्षानुवर्षं गोठतात आणि मग एकदम उडी मारतात. अशी प्रत्येक उडी जुन्या महागाईची थकबाकी असते. २०२२ ची महागाई आकडेवारीत २०२३ मध्येच उतरली असली, तरी तिचा एक हप्ता बेंगळुरूकर २०२५ मध्ये रिक्षात बसताना भरत होता. वेगवेगळे लोक आपली भरपाई वेगवेगळ्या वेळी वसूल करतात आणि या वसुलीच्या रांगेमुळे एक धक्का वर्षानुवर्षं पसरतो.

घरभाड्यात ही रांग सर्वांत लांब असते. शहरातली सगळी भाडी एका दिवशी बदलत नाहीत. कुणाचा करार मेमध्ये संपतो, कुणाचा नोव्हेंबरात. नव्या भाडेकरूला आजचा भाव लागतो, जुना मागच्या भावात बसलेला असतो आणि दरमहा त्यांतले थोडे थोडे नव्या भावाकडे सरकत राहतात. त्यात आकडेवारीची स्वतःची संथ चाल मिळते. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात शहरी भागासाठी घराचं वजन २१.६७ टक्के होतं, पण निवडलेल्या प्रत्येक घराचं भाडं सहा महिन्यांतून एकदाच विचारलं जायचं. वर, सरकारी कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ताही त्या हिशेबात धरलेला. सातव्या वेतन आयोगानुसार जुलै २०१७ पासून केंद्राने हा भत्ता वाढवला तेव्हा निर्देशांकातली घरांची महागाई जोरात चढली आणि वर्षभर चढलेली राहिली. बाजारातल्या भाड्यांशी तिचा संबंध नव्हता. रिझर्व्ह बँकेला तेव्हा हा परिणाम बाजूला काढून हिशेब मांडावा लागला. तेव्हा आकड्यात दिसणाऱ्या चिवटपणाचा एक भाग मोजणाऱ्याच्या पद्धतीतूनही येतो. दोन देशांची तुलना करताना तर हे विसरून चालतच नाही. एक देश स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचंही काल्पनिक भाडं मोजतो, दुसरा मोजत नाही.

आता मजुरीकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे.

महागाई भत्ता ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे आणि मुंबईच्या गिरण्यांशी तिचं जवळचं नातं आहे. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर धान्य महागलं आणि मार्च १९४० मध्ये मुंबईचे गिरणी कामगार महागाई भत्त्यासाठी सार्वत्रिक संपावर गेले. निर्देशांक वाढला की पगार वाढला पाहिजे, हे तत्त्व अशा लढ्यांतून रुजलं. त्यात न्याय आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण यंत्रणा म्हणून पाहिलं तर भत्ता मागच्या महागाईला पुढच्या खर्चात नेतो. या सहामाहीतला निर्देशांक पुढच्या सहामाहीतला पगार ठरवतो, तो पगार मालाची किंमत ठरवतो आणि ती किंमत पुन्हा निर्देशांकात येते. कामगारांची मोठी संख्या अशा भत्त्याखाली असेल, तर एक धक्का फेऱ्या मारत राहतो.

कर्नाटकात किमान वेतनाला असाच बदलता महागाई भत्ता जोडलेला आहे. दर एप्रिलपासून तो निर्देशांकानुसार वाढतो. पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रस्ता या भागांतल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत लाखो कामगार आहेत, त्यांत बहुसंख्य बाया. एप्रिल २०२० पासून त्यांना महिन्याला सुमारे ४१७ रुपये जास्त मिळायचे होते. कोविडचं कारण देऊन राज्य सरकारने ही वाढ वर्षभर पुढे ढकलली. सप्टेंबर २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, तरी बहुतेक कारखान्यांनी पैसे दिले नाहीत. कामगार संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार-हक्क गट मागे लागले, परदेशी ब्रँडांवर दबाव आला, तेव्हा कुठे २०२२ च्या सुरुवातीला मोठ्या कारखान्यांनी थकबाकी द्यायला सुरुवात केली. जवळजवळ दोन वर्षं या बायांनी महागाईचा धक्का स्वतःच्या अंगावर झेलला. त्यांच्या बाजूने पाहा: घरमालकाची वाढ करारात ठरलेली आणि वेळेवर लागू, दूध संघाची वाढ जाहीर होताच लागू. कायद्याने ठरलेली त्यांची ४१७ रुपयांची वाढ मात्र कोर्टात.

म्हणून महागाईचा चिवटपणा कमी झाला असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, तो कुणी थांबून कमी केला? भरपाई न मागता कुणीतरी थांबलं, तर धक्का तिथेच विरतो. कधी तो नफ्यातून विरतो, कधी शिलाई मशीनवर बसलेल्या बाईच्या ताटातून. एकूण आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो.

आपल्या देशाने हा प्रयोग एकदा उघडपणे केलेला आहे. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला, १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि १९७४ च्या सप्टेंबरपर्यंत घाऊक महागाई वर्षाला ३० टक्क्यांवर गेली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीतर्फे लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मे १९७४ मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप झाला. जुलैमध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढला: वाढीव पगार पूर्णपणे आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत जमा होईल, हातात मिळणार नाही. कंपन्यांच्या लाभांश वाटपावरही मर्यादा आली. भत्त्याची साखळी सरकारने मधोमध तोडली. १९७५ मध्ये पाऊसही चांगला झाला. १९७५-७६ मध्ये घाऊक भाव वाढले तर नाहीतच, सरासरीने एक टक्क्याच्या आसपास उतरले. त्याच काळात ब्रिटन आणि अमेरिकेत महागाई पुढची कित्येक वर्षं हटता हटत नव्हती. भारताच्या या यशाची किंमत पगारदार आणि कामगारांनी मोजली, आणि ती मोजली गेली तेव्हा संप चिरडले जात होते, पुढे आणीबाणी आली, हे त्या आकड्यासोबत लिहायलाच हवं.

याच्या दुसऱ्या टोकाला ब्राझील उभा आहे. तिथे १९६४ नंतर पगार, भाडी, रोखे, कर सगळंच महागाईशी बांधलं गेलं. सुरुवातीला ही सोय वाटली. महागाई असली तरी कुणाचं नुकसान नाही. पण प्रत्येक जण मागच्या महागाईइतकी वाढ आपोआप घेऊ लागला की महागाईला चालू राहायला नव्या कारणाची गरजच उरत नाही. काल होती म्हणून आज आहे. १९८४ मध्ये पेर्सिओ आरिदा आणि आंद्रे लारा रेझेंदे या दोन तरुण अर्थतज्ज्ञांनी हे निदान मांडलं. १९८६ मध्ये सरकारने सरसकट भाव गोठवून पाहिले. वर्षभरात टंचाई झाली आणि महागाई परतली. मग १९९४ मध्ये फेर्नांदो एन्रिके कार्दोझो अर्थमंत्री असताना वेगळी वाट धरली गेली. १ मार्चपासून सरकारने नुसतं हिशेबाचं एक माप सुरू केलं. नोटा जुन्याच, पण पगार, भाडं, करार या मापात लिहायचे आणि जुन्या चलनात त्याची किंमत दररोज जाहीर व्हायची. जुन्या चलनात भाव रोज पळत होते, नव्या मापात ते स्थिर दिसत होते. चार महिन्यांत लोकांना त्या मापाची सवय झाली आणि १ जुलैला तेच माप ‘रेआल’ नावाचं चलन झालं. जूनमध्ये महिन्याला ४० टक्क्यांहून जास्त असलेली महागाई वर्ष संपताना महिन्याला तीन टक्क्यांखाली आली. सगळ्यांची भरपाई एकाच मापात झाली, त्यामुळे कुणाला मागची थकबाकी पुढे ढकलावी लागली नाही. जगाच्या अर्थकारणात इतकी नेटकी उपाययोजना मी दुसरी वाचलेली नाही.

अमेरिकेची कथा लोकांना जास्त माहीत आहे. १९४८ मध्ये जनरल मोटर्सने कामगार संघटनेशी निर्देशांकाला बांधलेला वेतनकरार केला होता. सत्तरीच्या दशकात तसे करार बोकाळले. मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवायची, बेकारी दिसली की सोडून द्यायची. ती शेवटी माघार घेते हे लोक शिकले आणि पुढच्या वर्षीही महागाई राहणार असं धरूनच किमती लावू लागले. ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी व्याजदर जवळजवळ २० टक्क्यांपर्यंत जाऊ दिले. १९८० मध्ये साडेचौदा टक्क्यांवर गेलेली महागाई १९८३ पर्यंत तीन-चार टक्क्यांवर उतरली. मधल्या काळात, १९८२ अखेर, बेकारी १०.८ टक्के झाली. महागाई चिवट असली की ती मोडायला किती माणसांच्या नोकऱ्या लागतात, याचा हा हिशेब.

व्होल्कर यांच्यानंतर अमेरिकेतला चिवटपणा खरोखर घटला का, यावर अभ्यासकांमध्ये जोरदार वाद आहे. टिमथी कॉगली आणि थॉमस सार्जंट यांनी २००१ मध्ये घटल्याचं दाखवलं. फ्रेडरिक पिवेत्ता आणि रिकार्डो रेस यांनी २००७ मध्ये तीच आकडेवारी दुसऱ्या पद्धतीने तपासली आणि बदल झाल्याचा ठोस पुरावा नाही असं म्हटलं. अँड्र्यू लेव्हिन आणि जेरेमी पायगर यांचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस किंवा नव्वदीच्या सुरुवातीला अनेक देशांत महागाईची सरासरी पातळीच बदलली होती. ते ध्यानात न घेता सगळी वर्षं एकत्र मोजली, तर महागाई परत येत नाही असं दिसतं. ती परत येत असते, पण नव्या मुक्कामाला. मुक्काम बदलला हे मान्य करून मोजलं की चिवटपणा बराच कमी भरतो. लुका बेनाती यांनी २००८ मध्ये अनेक देशांच्या दीर्घ आकडेवारीत पाहिलं, तर सुवर्णमानाच्या काळात आणि नव्वदीनंतर ज्या देशांनी महागाईचं लक्ष्य जाहीर केलं तिथे चिवटपणा जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे तो देशाच्या रक्तात नसतो. कोणत्या नियमाखाली लोक भाव ठरवत आहेत, त्यावर तो येतो आणि जातो. लक्ष्य जाहीर करण्याची ही रीत न्यूझीलंडने सुरू केली, १९८९ च्या कायद्याने.

भारतात ती उशिरा आली. २००८ पासून पाच-सहा वर्षं आपल्याकडे किरकोळ महागाई नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास ठाण मांडून होती. सुरुवात अन्नापासून झाली. दूध, अंडी, डाळी महाग झाल्या, हमीभाव वाढले, ग्रामीण मजुरी वाढली आणि बघता बघता शिकवणीची फी, न्हाव्याचा दर, डॉक्टरची तपासणी सगळं दहा टक्क्यांच्या चालीने पुढे जाऊ लागलं. टोमॅटोची महागाई घरभाड्यात शिरते ती अशी. सप्टेंबर २०१३ मध्ये रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले; ऊर्जित पटेल समितीने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला: महागाईचं लक्ष्य जानेवारी २०१५ पर्यंत ८ टक्के, जानेवारी २०१६ पर्यंत ६, आणि पुढे ४ टक्के, दोन्हीकडे दोनची मुभा. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेचा कायदा बदलला आणि ऑक्टोबरात पतधोरण समितीची पहिली बैठक झाली. महागाई खरंच उतरली. पण २०१४ मध्ये तेलही कोसळलं होतं. श्रेय धोरणाचं किती आणि तेलाचं किती, यावर आजही एकमत नाही. मला वाटतं तेलाने दार उघडलं आणि धोरणाने ते उघडं ठेवलं. परीक्षा २०२२ मध्ये झाली. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यानंतर एप्रिलमध्ये महागाई ७.७९ टक्के झाली, सलग तीन तिमाह्या ६ च्या वर राहिली आणि कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेला सरकारला खुलाशाचं पत्र लिहावं लागलं. रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला गेला. या वेळी महागाईने २००८ सारखा मुक्काम केला नाही. २०२३ चा टोमॅटो इतक्या लवकर विरला यात नव्या पिकाइतकाच याचाही वाटा असावा: भाजी महागली म्हणून पगार-भाड्याचे करार पुन्हा लिहावेत असं लोकांना वाटलं नाही.

लोकांना काय वाटतं ते रिझर्व्ह बँक २००५ पासून विचारते आहे. शहराशहरांत घरोघर जाऊन आज महागाई किती वाटते, तीन महिन्यांनी आणि वर्षाने किती असेल, असं विचारलं जातं. बेंगळुरूही त्यात आहे. २००९ नंतरची काही वर्षं लोकांचं उत्तर दोन अंकी होतं. ते हळूहळू उतरलं, पण अधिकृत आकड्याच्या वरच राहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाज्या, डाळी स्वस्त झाल्याने आणि वस्तू-सेवा कर कमी झाल्याने किरकोळ महागाई ०.२५ टक्के झाली, २०१२ आधारवर्षाच्या मालिकेतला नीचांक. घरांची महागाई त्याच महिन्यात तीन टक्क्यांच्या आसपास होती आणि घरोघरच्या पाहणीत लोक त्या सुमारास सहा टक्क्यांहून जास्त महागाई सांगत होते. यात लोकांचं अज्ञान पाहणं मला चुकीचं वाटतं. निर्देशांक महिन्याभराच्या भावांची सरासरी काढतो. बेलंदूरमधला भाडेकरू किंवा बोम्मनहळ्ळीतली शिलाई कामगार आपल्या पुढच्या कराराचा अंदाज बांधत असते, आणि तिच्या अनुभवात महागाई शून्याजवळ असतानाही भाड्याच्या करारात पाच टक्के लिहिलेले असतात. हे पाच टक्के कोणत्याही कायद्याने ठरवलेले नाहीत. मागे महागाई जास्त होती तेव्हाची ही रीत आहे, ती छापील करारनाम्याच्या नमुन्यात राहून गेली आहे. रिझर्व्ह बँकेचं चार टक्क्यांचं लक्ष्य कितपत रुजलं आहे, हे तपासायचं असेल तर नुसता महागाई दर पाहून कळणार नाही. महागाई दोन-तीन वर्षं कमी राहिल्यावर घरमालक त्या छापील ओळीतला आकडा बदलतात का, ते पाहावं लागेल.